निळं न झालेलं पाणी

आरोग्य निरीक्षक दिगंबर खरोसे दारात पोहोचले, तेव्हा गयाबाईंची नात जुलाबांनी पार गळून गेली होती.

"पाणी निळं नव्हतं हो साहेब," गयाबाई म्हणाल्या. "निळं असतं तर थेंब दिला नसता तिला."

गावच्या टाकीत सोडलेले पहारेकरी जंतू घाण मिसळताच पाणी निळं करत. परवा ऐन जत्रेत पाणी निळं झालं, तेव्हा पाहुण्यांसमोर गावाची शोभा नको म्हणून खरोशांनीच टाकीत रंग घालवणारी गोळी टाकली होती.

गयाबाईंनी रीतीप्रमाणे गूळ आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. नको म्हणावं, तर कारण सांगावं लागलं असतं. खरोशांनी तांब्या घटाघटा रिकामा केला.

"साहेब प्यायले, म्हणजे पाणी चांगलंच आहे," असं म्हणत गयाबाईंनी पेला भरून नातीच्या ओठांना लावला.