मादीच हाय ती

कोंबडीची पिल्लं जरा मोठी झाली की नर कुठला आणि मादी कुठली, हे रहिमतबीनं तुऱ्याकडं बघून एका नजरेत सांगावं आणि सगळ्या गल्लीनं निमूट मानावं. मादी अंड्यांसाठी राहायची, नर पाहुण्यांच्या नावानं वाढायचा. यंदा नर एकच निघाला, आणि नेमका तोच मधल्या भिंतीवर चढून शेजारच्या कस्तुरीकाकूंच्या हातनं कण्या खायला लागला. काकू जैनाच्या, घरात कांदासुद्धा न आणणाऱ्या.

"रहिमतबी, ह्ये नर हाय का मादी?" काकूंनी भीत भीत विचारलं.

रहिमतबीनं पिल्लाचा लाल होत चाललेला तुरा पाहिला, मग काकूंचं तोंड पाहिलं. "मादी हाय. बिनघोर ऱ्हावा."

थंडीत जावई अजमल लग्नानंतर पहिल्यांदाच जेवायला आला. रहिमतबीनं खाली मान घालून त्याच्यापुढं अख्खा मसूर आणि भाकरी ठेवली. त्यानं पहिला घास उचलला, आणि भिंतीवरच्या 'मादी'नं खणखणीत बांग दिली. घास हातातच राहिला. रहिमतबीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात भिंतीवरून काकूंचा हात आला. हातात तुपानं निथळणाऱ्या शेंगापोळ्यांचं ताट.

"सकाळधरनं लाटतीया," काकू म्हणाल्या. "एरवी बघताक्षणी सांगणाऱ्या तुमी, त्या दिवशी जरा थांबून मादी म्हणालासा. तवाच जावयाचं जेवण माझ्याकडं लागलं."