पडद्यावरची रेघ

पेशंटच्या जबड्यात बसवायच्या प्लेटच्या डिझाइनवर, पडद्यावर, ती बारीक रेघ पुन्हा चमकली. "कॉम्प्युटरला गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड आहे, डिझाइनच्या कामात असं दिसायचंच," म्हणत मृण्मयीने आजवर तिच्याकडे काणाडोळा केला होता. प्लेट तयार होऊन हॉस्पिटलात पोचलीही होती.

आज ऑफिसात सरांनी शेजारच्या कॉम्प्युटरला महागडं प्रोफेशनल कार्ड बसवलं. मृण्मयीने सहज तीच फाइल तिथे उघडली. रेघ तिथेही होती. दोष कार्डात नव्हताच. डिझाइनमध्येच फट राहिली होती. पेशंटने पहिला घास चावताच प्लेट मोडली असती.

तिने लगेच हॉस्पिटलला फोन लावला.

"डॉक्टर जबड्याचंच ऑपरेशन करताहेत," नर्स म्हणाली.

"प्लेट बसवू नका! माझी चूक झालीय!"

नर्स धावली. मग डॉक्टरांचाच आवाज आला, "अजून बसवलेली नाही. ऑपरेशन थांबवतो, नवी करून पाठवा."

'हो' म्हणत मृण्मयीने डिझाइनमधली ती फट बुजवायला घेतली.