एक ओळ आधी

"इथे कोणी बसलंय का?" नयनाने विचारलं आणि मग चेहरा पाहिला. बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला निवेदिता बसली होती. तिची थोरली बहीण.

"आज चर्च सगळ्यांचं आहे," निवेदिता म्हणाली. "पत्रिकेवर तसं छापलंय."

दुसरीकडे जागा नव्हती. नयना बसली, मध्ये एका माणसाचं अंतर सोडून.

एकीच्या प्रार्थनेचा आठवडा होता. बंगळुरातल्या जे. पी. नगरच्या त्या चर्चमध्ये कॅथलिक, प्रोटेस्टंट, सिरियन अशा पाच पंथांचे लोक आले होते. वेदीजवळून पाळक सांगत होते, १९०८पासून ख्रिस्ती लोक दर जानेवारीत हेच मागत आले आहेत : आम्हाला एक कर.

"शंभरच्या वर वर्षं झाली," निवेदिता समोर बघत पुटपुटली. "अर्ज कुठेतरी अडकलाय."

नयनाला हसू आलं. तिने ते दाबलं.

बारा वर्षांपूर्वी, प्रोटेस्टंट माहेरातून कॅथलिक घरात लग्न झाल्यावर, ती नवऱ्याला घेऊन ताईकडे जेवायला आली होती. ताटं वाढलेली होती. प्रभूची प्रार्थना म्हणताना ती 'वाइटापासून सोडव' इथे थांबली आणि आमेन म्हणाली. कॅथलिक तिथेच थांबतात. प्रोटेस्टंट पुढे आणखी एक ओळ म्हणतात : राज्य, पराक्रम आणि गौरव सर्वकाळ तुझेच.

"पप्पांच्या टेबलावर अर्धी प्रार्थना चालत नाही," ताई म्हणाली होती.

नयना ताटावरून उठली. तेव्हापासून आईला भेटायला ती मारतहळ्ळीहून यायची, पण ताई ऑफिसात असताना. त्या घरात पाण्याखेरीज काही घ्यायची नाही.

"अक्का, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." पत्रिका वाटणारी मुलगी कन्नडमध्ये जरा सरकायला सांगत होती, एका म्हाताऱ्या बाईंचा हात धरून. नयना आत सरकली. आता दोघी बहिणींचे खांदे लागत होते.

"आई कशी आहे?"

"काल तिने तीन ताटं मांडली. म्हटलं, अगं, आपण दोघीच तर आहोत. म्हणाली, नयना यायची आहे ना."

पाळकांनी सगळ्यांना उभं केलं. प्रभूची प्रार्थना, ज्याने त्याने आपल्या भाषेत. कन्नड, तमिळ, मल्याळम, कोकणी, इंग्रजी एकदम सुरू झालं. मराठी आवाज दोनच होते. ते एकाच गतीने चालले होते, पप्पांनी लावून दिलेल्या.

'वाइटापासून सोडव' आलं.

"आमेन," निवेदिता म्हणाली. अगदी स्पष्ट.

नयना थांबली नव्हती. 'राज्य, पराक्रम'पर्यंत गेल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण एकटीच बोलतोय. तिने वळून पाहिलं.

"तू तिथे थांबतेस ना," निवेदिता म्हणाली. "म्हणून मी..."

"आणि मी तुझ्यासाठी पुढे गेले."

मागच्या बाकांवर मल्याळम अजून चालू होतं. निवेदिताने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

"रविवारी जेवायला ये. त्यांनाही आण. प्रार्थना तू म्हण."

"थांबू कुठे?"

"आमटी गार व्हायच्या आत, कुठेही."