केसरबाईचा नंबर

चष्म्याला नंबर, मोबाइलला नंबर, ऊसतोडीला कारखान्याचा नंबर. पण दुष्काळात गावातल्या बायांना नंबर म्हटलं की टँकरच आठवायचा. कामाला जाणारी बाई रांगेत घागरीऐवजी आपला दगड ठेवून जायची, अन् त्या दगडाला माणसाचा मान होता. काल बायनाबाईनं शेजारच्या केसरबाईचा दगड पायानं हळूच आपल्या घागरीमागं सरकवला. बायनाबाईची घागर भरली अन् टँकर संपला. केसरबाई रिकामी घागर घेऊन गेली; तिची तहानलेली गाय दिवस मावळेपर्यंत हंबरत राहिली. आज बायनाबाईनं ओशाळून केसरबाईचा दगड रांगेत पहिला मांडला. केसरबाईनं तो उचलला अन् सगळ्यांच्या शेवटी ठेवला. “काहून गं, केसरआक्का?” बायनाबाईनं विचारलं. “मला एकलीला आता कवाबी पाणी मिळालं तरी चालतंय,” केसरबाई म्हणाली. “गाय सकाळीच बाजारात धाडली. तुझ्या नातीच्या दुधाचं तेवढं दुसरीकडं बघ.”