मूससाठी काडतूस

मूस म्हणजे घोड्याहून उंच हरीण. त्याच्या शिकारीला आठवडा उरला होता आणि स्वीडनमधल्या नेमबाजीच्या मैदानावर लार्स नव्या, खांद्याला जबर धक्का देणाऱ्या मॅग्नम रायफलनं सराव करत होता. मागे खुर्चीवर त्याचे सासरे, मोरेश्वर खरकर, आणि शेजारी बायको सुनीती. खरकरांनी सारी नोकरी कारखान्यात काडतुसं तपासण्यात घालवली होती. लेकीनं न विचारता लग्न केलं, म्हणून तीन वर्षं ते जावयाशी बोलत नव्हते. काही सांगायचं तर सुनीतीमार्फत.

लार्सच्या गोळ्या कागदावर कुठेही लागत होत्या. खरकर उठले, रायफल मागून घेतली, आतलं काडतूस हळूच काढलं आणि ती परत दिली. लार्सनं चाप ओढला. बार झालाच नाही. नळी मात्र चार बोटं खाली गेली आणि त्याचे डोळे गच्च मिटले.

"त्याला सांग, धक्क्याला घाबरतोयस," खरकर लेकीला म्हणाले. "तुझी जुनी, कमी धक्क्याची तीनशे आठची रायफल घे, एकशे ऐंशी ग्रेन वजनाची गोळी. फुप्फुसात बसली की मूस पडतो. मॅग्नम पोटात बसली तर बिचारा दोन दिवस तडफडतो."

सुनीतीनं सांगितलं. लार्स लाल झाला.

"मला जुनीच बरी वाटते," तो इंग्रजीत म्हणाला. "पण तुझे बाबा येणार होते, म्हणून ही घेतली. जावई लेचापेचा आहे, असं त्यांना वाटायला नको होतं."

सुनीती भाषांतर करायला वळली.

"कळलं मला," खरकर म्हणाले. त्यांनी खुर्ची लार्सच्या शेजारी ओढली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत थेट त्यालाच सांगितलं, "आण ती जुनी. मी इथेच बसतो."