चाकाविना

कमरेचं हाड मोडलं आणि डोमाजी कुंभाराचं चाकावर बसणं कायमचं सुटलं. आता आपले हात कशाले, असं तो येईल त्याला विचारायचा. एकोणऐंशी साली सेवाग्रामला आलेला एक जपानी पाहुणा त्याच्याकडे डोकावला. त्यानं झोळीतून चहाचा काळा वाडगा काढून दिला. काठ जरासा कलता, अंगावर बोटांच्या खुणा. पण ओंजळीत पाखरू बसावं तसा बसला. डोमाजी तो किती तरी वेळ फिरवून फिरवून पाहत राहिला.

“याले चाक लागलंच नाई!”

“चाक नहीं,” पाहुणा मोडक्या हिंदीत म्हणाला. “मेरी माँ. सिर्फ हाथ.”

डोमाजीनं वाडगा कपाळाला लावला आणि बायकोला हाक मारली,

“भागीरथा, माती भिजव वं!”