उताणा हात

तंजावुरात स्विंग हा जोडीनं करायचा पाश्चात्त्य नाच नाचायला पुरुष जोडीदार मिळेनात, म्हणून शिकवणाऱ्या मुलीनं उंच वसुमतीला पुरुषाच्या जागी उभं केलं. तेव्हापासून हात तिनं उताणा धरायचा, समोरचीनं त्यावर आपला पालथा ठेवायचा. नेणं, फिरवणं, सावरणं तिच्याकडेच. घरीही तसंच. आज आईला पुन्हा इस्पितळात ठेवून ती थेट वर्गाला आली. स्पीकरमधून जाझ बँडची ट्रंपेटं उसळली. तिनं सवयीनं हात पुढे केला. समोर नागलक्ष्मी होती, रिक्षावाल्याला वाट सांगतानाही चाचरणारी. तिचाही हात पुढे आला, उताणाच. "अक्का, आज मी नेते. आठवडाभर दाराची कडी धरून सराव केलाय." "चुकशील गं." "पर्वा नाही. पाय तुमचाच चेंगरेल." वसुमतीला हसण्याचंही त्राण नव्हतं. तिनं हात पालथा केला, त्याचं सगळं ओझं त्या लहानशा तळव्यावर टाकलं, आणि कुठे जायचंय ते विचारलं नाही.